चुन्याची रेघ

पाऊस गेला की आमच्याकडे यंत्र उघडतात. पावसाळ्यात उघडत नाहीत, कारण हवेतलं पाणी आतल्या भिंतींना चिकटून बसतं आणि मग कितीही दिवस पंप ओढत राहिले तरी निघत नाही. म्हणून नवरात्राच्या सुमाराला, आकाश कोरडं झालं की नटबोल्ट सैल करायचे. गेल्या आठवड्यात ते काम सुरू झालं आणि माझं डोकं दुखायला लागलं. उन्हामुळे दुखतंय, असं मी घरी सांगितलं. ते निम्मं खरं आहे.

नव्या मुंबईतला ऑक्टोबर फुकट मिळाला तरी घेऊ नये. खाडीचा चिखल उघडा पडून तापतो. ठाणे-बेलापूर रस्त्यावर ट्रक चालतात त्यांची धूळ खाली बसतच नाही. वारा तळोज्याकडून आला तर औषधाचा वास, तुर्भ्याकडून आला तर बाजारातल्या सडक्या कांद्याचा. आम्ही वाशीला राहायला आलो तेव्हा पुढच्या चाळीस वर्षांचं शहर म्हणून नकाशात रंगवलेलं होतं. प्रत्यक्षात इमारती होत्या, मधे मोकळं माळरान होतं आणि नळाला पाणी आलं की जिन्यात आरडाओरडा होता. सकाळी भरून ठेवलेलं पाणी दुपारी कोमट व्हायचं. मी डबा भरून बससाठी उभी राहायची, आणि बस यायच्या आधीच पाठीवरचा ब्लाउज ओला झालेला असायचा.

आमची प्रयोगशाळा त्याच रस्त्याला, कारखान्यांच्या ओळीत. बाहेरून बघणाऱ्याला तीही एक शेडच वाटते. आत पोलादाचं एक पात्र आहे, साधारण पाण्याच्या टाकीएवढं, आडवं. त्यातली हवा काढून टाकतात, थोडा हायड्रोजन सोडतात आणि प्रचंड वीज देऊन तो इतका तापवतात की तो वायूही राहत नाही. त्याला प्लाझ्मा म्हणतात. सूर्यात असतो तोच, फक्त आमचा डोळ्याची पापणी लवायच्या आत विझतो. तो जास्त वेळ टिकला, आणखी तापला, तर अणू एकमेकांत मिसळतील आणि त्यातून वीज काढता येईल, अशी जगभरच्या शास्त्रज्ञांची आशा आहे. मी या आशेवर पगार घेते, तेव्हा तिला नावं ठेवत नाही.

टिकत नाही त्याचं एक कारण म्हणजे घाण. भिंतीच्या पोलादातले कण उडून प्लाझ्मात शिरतात आणि त्याची उष्णता खाऊन प्रकाशाच्या रूपाने बाहेर टाकतात. पेटत्या चुलीत कोणी ओलं लाकूड सारत राहावं तसं. ही घाण कोणती आणि कुठून येते, हे शोधणं माझं काम. साधन म्हणजे लेसर. प्रत्येक मूलद्रव्याचा अणू एका नेमक्या रंगाचा प्रकाश गिळतो आणि परत फेकतो. वर्गात हजेरी घेताना नाव पुकारलं की ज्याचं नाव तोच ‘हजर’ म्हणतो, बाकीचे गप्प. मी लेसरचा रंग क्रोमियमच्या रंगावर आणते, किरण पात्रात सोडते. आत क्रोमियम असेल तर ते उजळतं आणि कागदावर एक रेघ उभी राहते. नसेल तर कागद सपाट.

सांगायला सोपं आहे. काही वर्षांपूर्वीपर्यंत आमचा लेसर आम्हीच बांधलेला होता. त्याच्या ठिणगीचा टप् टप् आवाज दिवसभर कानात. खाडीची खारट हवा आत आली की विजेच्या तारांवर सापासारखी फुसफुस सुरू व्हायची. वातानुकूलन बंद पडलं की आरसे उष्णतेने जागचे हलायचे, आणि सकाळी जुळवलेला किरण दुपारी भलत्याच भिंतीवर दिसायचा. रंगद्रव्य स्पिरिटमध्ये विरघळवून लेसरमध्ये फिरवावं लागे. त्या स्पिरिटचा वास माझ्या साड्यांना इतका बसला होता की बसमध्ये शेजारची बाई एकदा सरकून बसली. नवरा म्हणाला, “लोकांना वाटत असेल तू गुत्त्यावर कामाला आहेस.” मी म्हटलं, “तिथे निदान पंखे चालू असतील.”

माझ्या आठवणीतला ऑक्टोबर चारपाच वर्षांपूर्वीचा. त्या वर्षी पात्र नवीन होतं. पावसाळाभर वर्कशॉपमध्ये त्याची जोडणी चालली होती आणि ती मुख्यतः काशिनाथने केली होती. काशिनाथ खाडीकाठच्या दिवाळे गावचा. बाप होडीवर जायचा, शिवाय घरची थोडी भातजमीन होती. ती नव्या शहरात गेली आणि बदल्यात घरातल्या एकाला कुठेतरी चिकटवायचं ठरलं. तो आमच्याकडे फिटर म्हणून चिकटला, पण हंगामी. त्याला कायम करायचा कागद त्या दिवाळीच्या आधी वर जायचा होता. नाही गेला तर जागाच रद्द होणार, हे ऑफिसातून सगळ्यांना कळलेलं. “जमीन गेली, होरी इकली,” तो एकदा नट आवळता आवळता म्हणाला होता, “आता हे पान्याचं काम हाय तेच शेत.”

खंडेनवमीला यंत्रांची पूजा करायची आमच्याकडे रीत आहे. झेंडूचे हार, नारळ, पेढे. परदेशात शिकून आलेले लोकही त्या दिवशी लेथ मशीनसमोर हात जोडून उभे असतात. नवीन पात्राचं वरचं झाकण त्या दिवशी सर्वांसमक्ष बसवायचं आणि शेवटचा बोल्ट आमच्या प्रमुखांनी आवळायचा, असं ठरलं होतं. प्रमुखांना सगळे नुसतं ‘डॉक्टर’ म्हणत. उंच, शांत, शर्टाची घडी कधी न मोडणारे. पूजाबिजा थोतांड आहे असं चहाच्या वेळी सांगणारे, आणि पूजेला वेळेवर येणारे. मी पूजेला नव्हते. आमच्या घरात पूजा नसते. दुसऱ्या दिवशी आम्ही पांढरे कपडे घालून विहारात जातो, तो आमचा दसरा. मला कोणी कधी ये किंवा येऊ नको म्हटलेलं नाही. त्या तासाभरात शेजारच्या खोलीत शांतता मिळते, म्हणून मी आरसे जुळवत बसले होते. पेढा मात्र पिंगळ्याने आणून दिला.

पिंगळे म्हणजे आमचा इलेक्ट्रॉनिक्सवाला. परळला वाढलेला, तोंडाने फाटका, हाताने कुशल.

दसऱ्यानंतर पात्रातली हवा काढायला घेतली. पंप ओढताहेत, ओढताहेत, आणि निर्वात पोकळी हवी तशी होईना. तरी प्लाझ्मा पेटवला. पेटला तो आजारी माणसासारखा, उठला आणि बसला. मी क्रोमियम शोधायला लागले. त्याच्या तीन रेघा शेजारीशेजारी असतात, ओळखायला सोप्या. त्या मिळाल्या, अपेक्षेएवढ्याच. पण रंग बदलत बदलत तिथवर जाताना, त्यांच्या जरा अलीकडे, एक चौथी रेघ उभी राहिली. क्रोमियमहून उंच. तिचं तिथे काही काम नव्हतं.

“मॅडम, ये कौन नया पाहुणा?” पिंगळ्याने कागद उलटासुलटा केला.

मी पुस्तकात पाहिलं. त्या रंगावर कॅल्शियम होतं. पोलादात कॅल्शियम नसतं, हायड्रोजनमध्ये नसतं. खात्री करायला पिंगळे कोपऱ्यावरच्या पानवाल्याकडून चुना घेऊन आला. तो आम्लात विरघळवून बर्नरच्या ज्योतीत फवारला आणि लेसर सोडला. रेघ त्याच जागी, तंतोतंत.

“घ्या!” पिंगळे ओरडला. “आपल्याला कोणीतरी चुना लावला!”

सगळे हसले. मीही हसले, विनोद बरा होता. हसता हसता कोणीतरी दाराकडे पाहिलं, मग दुसऱ्याने पाहिलं. दारात काशिनाथ पाना हातात घेऊन उभा होता. गावाकडचा फिटर, म्हणजे तंबाखू, म्हणजे अंगठ्याने मळलेला चुना, म्हणजे तेच बोट पात्राच्या आत. इतकं सगळं एका हसण्यात ठरलं. त्या काळात हातमोजे कधी असत, कधी नसत. पावसाळ्यात तर ते वाळायचेच नाहीत. बोट आत लागणं अशक्य नव्हतं.

त्याने तिथेच सांगितलं, “मी तंबाकू खात नाय, म्याडम.”

“अरे मस्करी केली रे,” पिंगळे म्हणाला. आणि ते खरंही होतं. पण मस्करी वर्कशॉपमधून कँटीनमध्ये गेली, कँटीनमधून ऑफिसात, आणि ऑफिसात पोचेपर्यंत तिच्यातलं हसू गळून गेलं. कायम करायचा कागद टेबलावर होता तो फायलीखाली गेला. मी विचारायला गेले तर तिथला गृहस्थ म्हणाला, “मॅडम, तुमच्याच मशीननं पकडलंय ना? मग आम्ही कसं पुढे पाठवणार?”

हात कुणाचे आहेत यावरून घाण ठरवायची रीत मला नवीन नव्हती. माझ्या वडिलांनी रत्नागिरीजवळचं गाव त्याच कारणाने सोडलं. पण त्यात माझ्या यंत्राचं नाव घेतलेलं पहिल्यांदाच ऐकत होते, आणि त्याचा मला राग आला. माझ्या यंत्राने आत कॅल्शियम आहे एवढंच सांगितलं होतं. ते कोणाचं, याबद्दल ते एक अक्षर बोललं नव्हतं.

त्या रविवारी वाशीच्या मासळी बाजारात काशिनाथची बायको यमुना भेटली. दिवाळ्याच्या बायका टोपल्या घेऊन ओळीने बसतात. मी तिच्याकडूनच बोंबील घ्यायची. त्या दिवशी तिने माझ्याकडे बघितलं आणि कोयता फळीवर जरा जोरात आपटला.

“काय बाय, तुमचा मशीन मानसांची नावां पन सांगतो?”

“नावं नाही सांगत, यमुनाबाय.”

“मंग माज्या घरवाल्याचं कसं सांगलं? चुना त्यो खात नाय. चुना मी खाते!” तिने कमरेची डबी काढून माझ्यापुढे धरली. शेजारच्या दोघीतिघी खो खो हसल्या. “जा, सांगा तुमच्या सायबाला. मना पकडा म्हनावं. मी येते मशीनमंदी बसाया.”

मीही हसले, पण घरी येईपर्यंत ते हसू टिकलं नाही. तिच्या डबीने प्रश्न सुटला नव्हता, उलट जड झाला होता. तो खात नाही हे मला आधीपासून पटलेलं होतं. पटणं म्हणजे पुरावा नव्हे, हे मी रोज नव्या मुलांना शिकवते.

आता पुरावा मिळवायचा तर एकच मार्ग होता. लेसरचा किरण पात्रातून जातो आणि आपण भिंगातून त्याच्या एका टीचभर भागाकडे बघतो. तेवढ्याच जागेतलं कळतं. किरण वरखाली सरकवला, भिंगही तसंच सरकवलं, तर घाण कुठे दाट आणि कुठे विरळ, याचा नकाशा काढता येतो. हाताची घाण असेल तर ती जिथे जिथे हात लागले तिथे तिथे असणार. काशिनाथने खालची, बाजूची, सगळी जोडणी केली होती. फक्त वरचं झाकण त्याने बसवलेलं नव्हतं.

तो नकाशा काढण्यात माझा ऑक्टोबर गेला. आज मागे वळून बघताना त्यातला अभ्यास कमी आणि हमाली जास्त दिसते. किरण एक बोट वर घ्यायचा. आरसे पुन्हा जुळवायचे. प्लाझ्मा पेटवायचा, एकदा, पुन्हा, पुन्हा, कारण एका झटक्यावर विश्वास ठेवता येत नाही. मध्येच वीज जायची. वीज आली की लेसर तापायला वेळ. तोवर रंगद्रव्य फिकं पडायचं, ते बदलायचं. घामाचा थेंब भिंगावर पडला की ते पुसून वाळवायचं. दुपारी चहा मिळायचा तो कपात ओतल्याबरोबर नकोसा वाटायचा. बाहेर उन्हात गवत पिवळं होत चाललं होतं, आणि मिठागरांच्या बाजूने पांढरा, डोळ्यांत खुपणारा प्रकाश यायचा. कॉलनीत लोक दिवाळीच्या साफसफाईला लागले होते. माझ्या घरी माळ्यावरची भांडी तशीच राहिली. नवऱ्याने एकदा विचारलं, “त्या माणसासाठी करते आहेस का हे?” मी म्हटलं, “यंत्रासाठी.” त्याने पुढे विचारलं नाही. तो समजूतदार आहे, आणि तेव्हा त्याला झोपही आली होती.

पिंगळे मात्र न सांगता थांबायचा. “माझी जबान सुटली मॅडम, मीच भरतो,” म्हणत तो आकडे घ्यायचा. शिव्या देत घ्यायचा, पण घ्यायचा.

नकाशा तयार झाला. क्रोमियम सगळ्या भिंतींजवळ सारखं, भिंतीतूनच येतं म्हणून. कॅल्शियम खाली जवळजवळ नाही. बाजूंना नाही. किरण जसजसा वर नेला तसतशी रेघ वाढत गेली आणि झाकणाखाली सर्वांत उंच झाली.

मी तो कागद घेऊन डॉक्टरांच्या खोलीत गेले. पंखा फिरत होता, टेबलावरच्या कागदांवर दगड ठेवलेले होते. त्यांनी बघायला वेळ घेतला. एकदा चष्मा काढला, पुसला, परत लावला.

“वरच्या झाकणातून,” मी म्हटलं.

“दिसतंय, कांबळेबाई.”

मग ते खिडकीकडे बघत म्हणाले, “माझी आई कोणतीही नवी ट्रंक घरात आली की झाकणाच्या आतल्या बाजूला कुंकवाचं बोट लावायची. बाहेर लावलं तर दिसतं, आत लावलं तर राहतं, म्हणायची. त्या दिवशी झाकण उचललेलं होतं. सगळे नारळाकडे बघत होते.”

त्यांनी नकाशा टेबलावर ठेवला.

“मी पुसलं होतं. लगेच. ओल्या रुमालाने.”

हळदीला चुना लागला की ती लाल होते, आणि तेच कुंकू. हे आमच्या खोलीत बसलेल्या प्रत्येकाला लहानपणापासून माहीत होतं. पानवाल्याकडे धावलो, पण कुंकवाच्या करंड्याकडे कोणाचं लक्ष गेलं नाही. ओल्या रुमालाने पुसल्यावर ते निघालं नव्हतं, पातळ होऊन झाकणभर पसरलं होतं आणि पोलादाच्या बारीक खाचांत बसलं होतं. डोळ्याला दिसणार नाही इतकं. लेसरला दिसेल इतकं.

“काशिनाथचा कागद अडला आहे,” मी म्हटलं.

“हो.”

“दिवाळीच्या आत.”

“हो, बाई. कळलं.”

त्यांना हे आधी केव्हा सुचलं होतं, चौथी रेघ दिसली तेव्हाच की माझा नकाशा बघून, ते मी विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांनी खरं सांगितलं असतं, असं मला वाटतं. म्हणूनच विचारलं नाही.

दुसऱ्या दिवशी सगळ्यांना बोलावून डॉक्टर म्हणाले, “कॅल्शियम वरच्या झाकणातून येत होतं. झाकण उतरवून धुतलं की जाईल.” कोणी लावलं, कसं आलं, काही नाही. झाकण त्यांनी स्वतः धुतलं, बाह्या वर करून, आम्लाने, मग शुद्ध पाण्याने, मग स्पिरिटने. त्यांच्या शर्टाची घडी मोडलेली मी तेव्हा पाहिली. नंतर पंप लावले आणि चौथी रेघ गेली. कागद फायलीच्या वर आला, सही झाली, काशिनाथ कायम झाला. पिंगळ्याने त्याच्या पाठीवर थाप मारून जिलबी मागितली आणि त्याने ती आणली.

मी त्याला एकटं गाठून सांगितलं, “काशिनाथ, झाकणातून येत होतं. तुमचा त्याच्याशी काही संबंध नव्हता.”

“मना म्हाईत हाय ना, म्याडम,” तो म्हणाला. “मी खाल्ला नाय तं मना म्हाईत नसंल?”

इतके दिवस घाम गाळून मी जे सिद्ध केलं होतं, ते त्याला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. माझा नकाशा आम्हा बाकीच्यांसाठी होता. आणि त्या बाकीच्यांतल्या कोणीही त्याला जाऊन सांगितलं नाही की बाबा, चुकलं. आरोप असा कोणी केलाच नव्हता, त्यामुळे तो मागे घ्यायचीही कोणाला गरज वाटली नाही.

डॉक्टर गेल्या वर्षी निवृत्त झाले. आता लेसर बाहेरून विकत आणलेला आहे, त्याचा आवाज येत नाही. खाडीवरून रेल्वे येणार म्हणून खांब उभे राहताहेत. तुर्भ्याचा बाजार वाढत वाढत आमच्या रस्त्याला लागला आहे. मी पन्नाशीला आले. उंच स्टुलावर बसून भिंगात डोळा घातला की मान धरते, आणि घरी गेल्यावर कोणाशी बोलावंसं वाटत नाही. कामाचा कंटाळा आला आहे असं नाही. तेच तेच धुवून पुन्हा बंद करायचं, एवढंच आहे, आणि ते दर वर्षी करायचं आहे.

त्या प्रकरणानंतरच्या वर्षी यंत्र उघडलं तेव्हा काशिनाथ पात्राजवळ जायच्या आधी माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि दोन्ही हात पुढे केले. मला आधी कळेना. मग कळलं. तेव्हापासून दर वर्षी तो तसाच येतो. मी नसले तर पिंगळ्यापुढे, पिंगळे नसला तर जो असेल त्याच्यापुढे.

परवा मी म्हटलं, “आता कशाला, काशिनाथ? इतकी वर्षं झाली. कोणी काही म्हणतं का?”

“नाय म्हनत,” तो म्हणाला. रागाने नाही, नेहमीच्या आवाजात. “तरी बगून घ्या, म्याडम. मागून कोनी बोलाया नको.”

हात तसेच पुढे होते. मागे दोघे नवीन इंजिनिअर त्याच्याकडे बघत होते. त्यांना वाटलं असावं, हीसुद्धा कामातली एक पायरी आहे. मी चष्मा नाकावर सारला आणि बघितलं. आधी तळवे, मग पालथे, मग कापलेली नखं. “ठीक आहे,” म्हटलं.

मग त्याने खोक्यातून नवे हातमोजे काढले, दोन्ही हातांत चढवले, आणि पात्राकडे गेला.